सतराव्या ओळीचा गोडवा

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या कॉलेजच्या द्राक्षबागेत चारशे माणसं तोंड उघडून उभी होती. आश्चर्यानं नव्हे, ते नंतर. आधी गावोगाव फिरणारे धर्मोपदेशक बंधू सेलेस्तिनो प्रत्येकाच्या तोंडात स्वतःच्या हातानं घास घालत होते, आणि बंधूंना कुणाचं मिटलेलं तोंड खपत नसे.

पहिला घास मेंब्रियो नावाच्या फळाच्या वडीचा. ही वडी आमच्याकडे घरोघरी होते. विटेसारखी लाल आणि इतकी गोड की दाढा जागच्या जागी विरघळाव्यात. बंधू म्हणत, हा जगाचा गोडवा. मग द्राक्षाचा एक मणी. तो तोंडात गेला की माणसाचा चेहरा वाळत घातलेल्या मोज्यासारखा व्हायचा. बंधू म्हणत, हा तुमच्या श्रद्धेचा खरा स्वाद. मग लाकडी भांड्यातून काळंशार कडू पाणी, त्याचं नाव दुःखाचं पाणी. मग डोळे मिटून प्रार्थना, आणि शेवटी त्याच घडातला दुसरा मणी.

हा दुसरा मणी म्हणजे चमत्कार होता. आंबट घड प्रार्थनेनं गोड झालेला असायचा. नुसता गोड नाही, मधासारखा. गॅसच्या टाक्या पोचवणारा आडदांड ड्रायव्हर तिथंच मातीत बसून रडला. एका बाईनं भरगर्दीत आपल्या नवऱ्याला माफ केलं. कशाबद्दल, ते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण त्यानं आभार मानले.

चमत्कार फक्त सतराव्या ओळीत होत होता. इथं मला थोडं स्वतःबद्दल सांगावं लागेल, कारण सतरावी ओळ माझी होती.

आमचं कॉलेज मेंदोसा शहराच्या दक्षिणेला, लोस चान्यारेस गावाच्या वेशीवर आहे. तिथं द्राक्षशेती शिकवतात. दाखल झालेल्या प्रत्येकाला वेलींची एक ओळ मिळते आणि ती दोन वर्षं सांभाळावी लागते. छाटणी, पाणी, विरळणी, तोडणी, सगळं आपलं आपण. सुट्टीतसुद्धा पाळ्या असतात, कारण वेलींना सुट्टी लागत नाही असं आमच्या ओसान बाई म्हणतात. त्यांनी डिसेंबरमध्ये माझ्या ओळीला दहापैकी तीन गुण दिले होते. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता: ‘जंगल’.

मी विरळणी केली नव्हती. वेलीवर इतके घड आलेले असताना त्यातले निम्मे कापून टाकायचे, हे मला माणुसकीला धरून वाटलं नाही. त्यामुळे माझे मोस्कातेल जातीचे घड एकमेकांच्या उरावर बसले होते. लांबच लांब, वर पिवळे आणि खाली हिरवेगार. शेजारची सोळावी ओळ न्हाव्याकडून नुकतीच आल्यासारखी दिसायची. तरीही बंधू सेलेस्तिनो सोळावी ओलांडून थेट माझ्या ओळीत शिरले, एक घड हातात धरून थरथरले आणि म्हणाले, इथं आहे.

मी त्याच दिवशी फेरतपासणीचा अर्ज दिला. ओसान बाईंनी तो वाचला, घडी घातली आणि विचारलं, "फेर्मिन, संतांची सही कुठंय यावर?"

प्राचार्य मात्र खूश होते. तीन वर्षं प्रवेश कमी होत होते, आणि आता फाटकाबाहेर रांग होती. ती प्रवेशाची रांग नव्हती, पण लांबून तशीच दिसायची. त्यांनी कार्यालयातल्या खुर्च्या बाहेर काढल्या, बंधूंना कॉलेजचा माइक दिला आणि सतराव्या ओळीला दोरी लावली. वेली पाहुण्यांच्या पायाखाली जाऊ नयेत म्हणून दोरीपाशी मला उभं केलं.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मजा संपली ती जेवणाच्या टेबलावर.

मी फिलोमेना काकूंकडे खोली घेऊन राहतो. त्यांची दोन हेक्टरची बाग कॉलेजच्या बागेला लागूनच आहे, तीही मोस्कातेलचीच. तीस वर्षं त्यांची द्राक्षं वाईनच्या मोठ्या कारखान्यात जात आली. तिथं शंभर जणांची द्राक्षं एकाच टाकीत पडतात, आणि त्यातली आपली कुठली हे देवालाही सांगता येत नाही. यंदा काकूंनी पहिल्यांदाच ठरवलं होतं, वाईन आपली आपण करायची. मागच्या शेडमध्ये टाकी आली होती. बाटल्यांवर लावायची लेबलंसुद्धा छापून आली होती, त्यांवर काकूंचा फोटो. फोटोत त्या कुणावर तरी रागावलेल्या आहेत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, कारखान्यावर.

बुधवारी दुपारी काकूंनी माझ्यासमोर एम्पानादांची, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्यांची ताटली ठेवली आणि सांगितलं की शनिवारी तोडणी. वीस माणसं सांगून झाली होती.

मी घास तसाच धरून बसलो. सोमवारीच ओसान बाईंनी त्यांच्या बागेतली साखर मोजली होती, साडेसतरा टक्के. बावीसच्या आत तोडायचं नाही, अजून तीन आठवडे थांबा, असं बजावून त्या गेल्या होत्या. आणि द्राक्षाची गंमत अशी की ते थांबून पिकत नाही. नासपती टोपलीत पिकते, टोमॅटो खिडकीत पिकतो. द्राक्ष वेलीवरून तोडलं त्या क्षणी जेवढं गोड, तेवढंच जन्मभर. शनिवारी तोडलं तर काकूंच्या आयुष्यातली पहिली वाईन पातळ आणि आंबट होणार, आणि वर त्यांचा रागावलेला फोटो असणार.

"काकू, बाई तीन आठवडे म्हणाल्या होत्या."

"ते आशीर्वादाच्या आधी."

"पण आशीर्वाद तर माझ्या ओळीला मिळालाय. तुमच्या बागेला कुठं?"

"बंधू म्हणाले, कुंपण माणसानं घातलंय. आशीर्वादाला कुंपण दिसत नाही." काकूंनी माझ्या ताटलीत आणखी एक एम्पानादा ठेवली. "तू खा. तुला तीन मार्क मिळालेत, तू मला नको शिकवू."

शनिवारच का, हे बंधूंनी माइकवरून जाहीर सांगितलं होतं. शनिवारनंतर आशीर्वाद चंद्राबरोबर वर जातो. शिवाय रविवारी त्यांना शेजारच्या प्रांतात ऑलिव्हवाल्यांकडे पोचायचं होतं, शनिवारी अकराच्या बसचं तिकीट काढून झालं होतं. सबंध खोऱ्यातली द्राक्षं एका माणसाच्या बसच्या वेळापत्रकाप्रमाणे पिकणार होती, आणि चारशे जणांत हे कुणालाच खटकलं नाही. मीही मान डोलावली होती. तोडलेल्या द्राक्षांचा दर दहावा डबा बंधूंचा, आणि तो न्यायला ट्रक आधीच येऊन उभा होता. ट्रकचीही कुणाला शंका आली नाही. संतानं डोक्यावरून डबे वाहावेत असं थोडंच आहे.

गुरुवारी ओसान बाई रिफ्रॅक्टोमीटर घेऊन आल्या. ही छोट्या दुर्बिणीसारखी नळी असते. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, डोळा लावायचा, साखर किती ते आत दिसतं. बाईंनी प्रार्थनेआधी सतराव्या ओळीतले घड निवडून मोजले, साडेसतरा. प्रार्थनेनंतर त्याच घडांतून पुन्हा मोजले, साडेसतरा. आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला.

बंधूंनी ती नळी हातात घेतली, उलटी करून डोळ्याला लावली आणि प्रेमानं परत दिली. "बहिणी, काचेला जीभ नसते."

चारशे जणांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी आकडा वहीत लिहिला आणि त्या निघून गेल्या. त्या हरलेल्या मला पहिल्यांदाच दिसत होत्या. मला वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्यात तीन गुणांचं उट्टं निघाल्याचा थोडासा आनंदही मिसळलेला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी दुपारभर मी दोरीपाशी उभा होतो, बंधूंच्या कोपराच्या अगदी जवळ. तोंडं मोजून मोजून कंटाळलो तेव्हा मी बोटं बघायला लागलो. पहिला मणी काढताना बंधूंची बोटं घडाच्या शेंड्याला जात, अगदी खाली, हिरव्या टोकाशी. दुसऱ्या मण्याच्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असत आणि बंधूंचा हात वर जाई, देठाजवळ, उन्हानं पिवळ्या पडलेल्या मण्यांत. पन्नास माणसं झाली. पन्नास वेळा शेंडा, पन्नास वेळा देठ.

ही बोटं मी ओळखली. ती माझीच होती.

गेल्या वर्षी आम्हाला साखर मोजण्याची परीक्षा होती. तिचा नियम असा की घडाकडे न बघता शंभर मणी तोडायचे. वरचे, मधले, शेंड्याचे. उन्हातले तसेच सावलीतले. मग सगळे एकत्र चुरडून रस मोजायचा. कारण घड देठाकडून पिकत येतो आणि शेंडा सगळ्यात मागून गोड होतो. मी शंभरच्या शंभर मणी देठाजवळचे घेतले, उन्हाच्या बाजूचे, आणि ऐटीत चोवीस साखर जाहीर केली. बाईंनी मोजली तर एकोणीस. मला शून्य मिळालं. ज्या लबाडीवर मला शून्य मिळालं होतं, तिच्यावर हा माणूस भक्तांच्या मेणबत्त्या मिळवत होता. एखाद्याला इतकं वाईट वाटू नये, पण मला वाटलं.

मी धावत बाईंकडे गेलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, कपाटातून मेंब्रियोची वडी काढून पुढ्यात ठेवली, आणि मला एकच मणी दोनदा खायला लावला. म्हणजे अर्धा वडीच्या आधी आणि अर्धा वडीनंतर. दुसरा अर्धा जिभेला लिंबासारखा लागला. मग त्यांनी आपल्या येर्बाच्या पानांच्या कडू चहाचा घोट दिला आणि पुन्हा मणी दिला. तो लागला साखरेसारखा. मेंब्रियोनंतर काहीही आंबट लागतं, कडवटानंतर काहीही गोड लागतं. सणाच्या दिवशी मिठाई खाऊन चहा प्यायला की तो बिनसाखरेचा वाटतो, तेवढंच गुपित.

"आणि तुझीच ओळ का, कळलं?"

मला कळलं होतं, पण मला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. सोळाव्या ओळीतले घड नीट विरळलेले, शेंड्यापासून देठापर्यंत सारखे. तिथं दोन मण्यांत फरकच सापडला नसता. संताला चमत्कारासाठी कॉलेजातली सगळ्यात गचाळ ओळ हवी होती, आणि ती त्यानं एका नजरेत हेरली होती. माणूस द्राक्षं जाणत होता.

मी म्हटलं, आत्ताच माइकवरून सांगून टाकू. बाई म्हणाल्या, "सांगितलंस तर मार खाशील. करून दाखव."

म्हणून शुक्रवारी सकाळी मी दोरी ओलांडली आणि जाहीर केलं की बंधूंनी गोड केलेला कुठलाही घड मी परत आंबट करू शकतो. मी दहा जणांना उभं केलं, फिलोमेना काकू त्यांत पहिल्या. कडू पाणी नाही, आधी वडी, मग शेंड्याचा मणी. काकूंचा चेहरा मोज्यासारखा झाला. दहाचे दहा चेहरे मोज्यासारखे झाले. आता पडेल उजेड, असं मला वाटलं.

माझ्यासमोर एक म्हातारा गुडघ्यावर बसला.

पाच मिनिटांत माझी स्वतंत्र रांग लागली. बंधू आंबटाचं गोड करतात, पण हा पोरगा गोडाचं आंबट करतो, म्हणजे ताकद जास्तच. एकाला मेव्हण्याचं वाईनचं पिंप आंबवून हवं होतं. एका बाईला मुलीचं ढोल वाजवणाऱ्यावरचं प्रेम. मी ओरडून सांगितलं की यात काही नाही, वडी आणि शेंडा, एवढंच आहे. लोक एकमेकांना म्हणाले, किती नम्र आहे. मी तीनदा ओरडलो. तिसऱ्यांदा कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. प्राचार्य जवळ आले आणि दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षीही मी इथंच असेन का. मी म्हटलं, बाईंच्या गुणांनुसार असेनच.

बंधूंनी क्षणही दवडला नाही. माझ्या खांद्यावर हात टाकून ते माइकवर म्हणाले, "हा माझा शिष्य. त्याला मीच शक्ती दिली." आणि लगेच शनिवारच्या तोडणीची आठवण करून दिली.

संध्याकाळी काकूंनी मला घरात शिरताना वाकून नमस्कार केला. आयुष्यात इतकं लाजिरवाणं मला कधीच वाटलं नव्हतं. तोडणी टळलेली नव्हती, उलट आता तिला दोन संतांचा पाठिंबा होता.

शनिवारी आठ वाजता काकूंची वीस माणसं पत्र्याचे डबे घेऊन बागेच्या तोंडाशी उभी होती. काकूंच्या हातात कात्री होती. बाकीचे बंधूंना निरोप द्यायला जमले होते. तेवढ्यात ओसान बाई खोक्यावर चढल्या. त्या भांडल्या नाहीत, की बंधूंचं नावही त्यांनी घेतलं नाही. म्हणाल्या, बंधू आज चाललेत, तेव्हा इथून पुढं आशीर्वाद आपला आपल्यालाच द्यावा लागणार, त्याचा सराव करू. मग आम्ही सतराव्या ओळीतले घड, वड्यांचे तुकडे आणि येर्बाच्या चहाची भांडी वाटत सुटलो. हुकूम सोपा होता. शेजाऱ्याला वडी द्या, शेंड्याचा मणी द्या, कडू घोट द्या, देठाचा मणी द्या. प्रार्थना हवी ती म्हणा.

सुरुवातीला लोक बिचकले. मग गॅसवाल्या ड्रायव्हरनं आपल्या सासूवर प्रयोग केला. प्रार्थना येत नव्हती म्हणून त्यानं फुटबॉलच्या संघातल्या अकरा खेळाडूंची नावं म्हटली. सासूनं मणी चघळला आणि गंभीरपणे सांगितलं, गोड झालाय. पलीकडे एकानं प्रार्थनेऐवजी ट्रॅक्टरचा नंबर म्हटला, त्याचाही झाला. मग कुणाला आवरेना. लोक एकमेकांच्या तोंडात मणी कोंबत होते, गोड करत होते, आंबट करत होते, परत गोड करत होते. कुणी वडी वगळून बघितलं, कुणी चहा वगळून, कुणी डोळे उघडे ठेवून शेजाऱ्याची बोटं पकडली आणि मोठमोठ्यानं हसत सुटलं. काल माझ्यापुढे गुडघे टेकणारा म्हातारा आज माझ्याच तोंडात शेंडे घालत होता आणि दर शेंड्याला विचारत होता, काय संतमहाराज, कसं वाटतंय. अर्ध्या तासात आमच्या बागेत तीनशे संत झाले होते आणि भक्त एकही उरला नव्हता.

हसत नव्हत्या त्या एकट्या फिलोमेना काकू. त्यांनी कात्री खिशात घातली, माझ्या ओळीतला एक लांब घड तोडला आणि त्या बंधूंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. वडीचा तुकडा पुढे केला. सगळे बघत होते. बंधूंनी तो खाल्ला. मग काकूंनी शेंड्याचा मणी तोडला, आणि बंधूंना सवयीनं तोंड उघडावंच लागलं.

"कसाय?"

बंधूंचा चेहरा झाला होता तो झाला होता, तो लपवायला त्यांच्याकडे दुसरा नव्हता. "आंबट आहे," ते म्हणाले. "पण बहिणी, जिथं श्रद्धा..."

"आंबट आहे ना? मग मी आज का तोडू?"

बंधूंनी घड्याळाकडे पाहिलं. अकराची बस होती. ते निघाले, ट्रकही निघाला, रिकामा. त्यांना अडवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. माणसं अजून एकमेकांना गोड करण्यात गुंतली होती.

काकू आपल्या बागेत गेल्या. मला वाटलं वीस माणसांना घरी पाठवतील. तसं नाही झालं. त्यांनी माझा शब्द मानला नाही, बाईंचाही नाही, दोन दिवसांत कुणाचाच मानायचा नाही हे त्या शिकल्या होत्या. त्यांनी स्वतः शंभर मणी तोडले. घडाकडे न बघता, वरचे, मधले, खालचे, उन्हातले, सावलीतले. त्यांना चाळीस मिनिटं लागली, आणि वीस माणसं डबे पालथे घालून त्यांवर बसून बघत राहिली. मग पिशवीत घालून चुरडले, नळी स्वतःच्या डोळ्याला लावली आणि आकडा स्वतः वाचला. सतरा आणि वर आठ दशांश.

"तीन आठवड्यांनी या," त्यांनी माणसांना सांगितलं, आणि तोडणीच्या जेवणासाठी केलेल्या एम्पानादा वाटून टाकल्या.

पुढचे दिवस सोपे नव्हते. बाराव्या दिवशी डोंगराकडून गारांचे ढग आले. गारा पडल्या असत्या तर काकूंची पहिली वाईन वेलीवरच संपली असती, आणि शनिवारी तोडलं असतं तर निदान आंबट तरी मिळाली असती, असं म्हणणारे निघालेच असते. ओसान बाईंनी ढगांबद्दल कसलंच वचन दिलं नव्हतं. काकू अंगणात हात बांधून उभ्या राहिल्या. ढग खोऱ्याच्या पलीकडच्या कडेनं गेले आणि तिथल्या कुणाची तरी बाग झोडपून गेले. त्यात ना काकूंचं पुण्य होतं, ना त्या माणसाचं पाप. दर चार दिवसांनी काकू शंभर मणी तोडत आणि आकडा भिंतीवर खडूनं लिहीत. चोविसाव्या दिवशी बावीस झाले तेव्हा त्यांनी तोडणी केली. वाईन बरी झाली. फार थोर नाही, पण प्यायल्यावर ती कुणाच्या बागेतली ते सांगता येतं.

माझं सांगणं एवढंच आहे. यावर माझा किंवा ओसान बाईंचा शब्द घेऊ नका. बाजारातून द्राक्षांचा एक लांब घड आणा. शेंड्याचा मणी खा, मग देठाजवळचा खा. मध्ये काहीतरी गोड खाऊन पुन्हा बघा, कडू चाखून पुन्हा बघा, घरातल्यांनाही द्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि शेवटी घड खाऊन टाकता येतो. पुढं कुणी गोडवा घेऊन तुमच्या दारी आला आणि डोळे मिटून तोंड उघडा म्हणाला, तर डोळे उघडे ठेवा, आणि आधी त्याच्या हातातला घड आपल्या हातात घ्या.